पंख्याची कटकट

वसमतला आमच्या आळीत कुणी नवा पंखा आणला, की शेजारचे काका त्याखाली चटई टाकून डोळे मिटून पडतात. मग निकाल देतात, "हवा बराबर हाय, पन झोप येऊन न्हाई राहिली." त्यांच्या शब्दावर पंखे दुकानात परत गेलेत.

माझा पंखा मात्र पास झाला. "ढगाखाली निजल्यावानी वाटून राहिलं," ते पुटपुटले.

त्यांचा स्वतःचा पंखा सारखा कटकट करतो. हळदीच्या बाजारातून उडून पात्यांवर बसलेली पिवळी धूळ ते नेमानं पुसतात, पण तेल घालत नाहीत.

"काहून, काका?" एका दुपारी मी विचारलं.

काका डोळे मिटूनच हसले. "तुझी काकू जिती होती तवर या आवाजापायी रोज भांडायची. आता तेल घातलं, तर भांडन मिटंल की रे."