हवा मोजायचे दिवस

नगरपालिकेच्या स्वच्छता शाखेत बावीस वर्षं बाबूगिरी केली की किस्से आपोआप साचतात. कुणी झाडत नाही म्हणून साचतात, एवढंच! आमचं गाव मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, अजून नोकरीत आहे. आमच्या चौकातून दिवसभर मँगनीजचे आणि धानाचे ट्रक जातात. तो चौक झाडते सायत्राबाई. ती हजेरी लावायला आली की आधी तिचा खोकला येतो, मागून ती.

*

हवा मोजायचं मशीन आलं. मशीन म्हणजे एक उंच डबा. आत पांढरा कागद असतो, मशीन हवा ओढतं, कागदावर धूळ बसते, मग कागदाचं वजन करायचं. लावायचं होतं चौकात. पण चौकात प्लग नाही, म्हणून सीएमओ साहेबांनी, म्हणजे पालिकेच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, ते स्वतःच्या बंगल्याच्या बागेत लावून घेतलं.

रिपोर्ट आला, हवा समाधानकारक. साहेब म्हणाले, "देखा? लोग खामखा चिल्लाते हैं."

*

मग वरून आदेश आला, धूर सोडणाऱ्या गाड्या पकडा. आम्ही बसस्टँडवर टेबल टाकलं. पहिल्याच तासात सगळ्यात काळा धूर सोडणारी गाडी सापडली. ती आमचीच कचरागाडी निघाली!

आता चलान कुणाच्या नावाने फाडायचं? ड्रायव्हर भाऊलाल शांतपणे म्हणाला, "फाडा ना बाबूजी. मंग कचरा उद्यापासून तुमीच उचला."

दुपारी मोहीम संपली. टेबल ऑफिसात परत आणलं, तेही त्याच गाडीत घालून.

*

सायत्राबाईने अर्ज दिला की मला चौकातून काढा, शाळेमागची गल्ली द्या. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली होती. आता धूळ थांबली नाही तर छाती कायमची जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं. अर्ज मीच लिहून दिला.

उत्तरही मलाच टाइप करावं लागलं. रिपोर्टनुसार गावची हवा समाधानकारक आहे, सबब अर्ज नामंजूर.

मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबूजी, हवा साहेबाच्या बगीच्यातली मोजली. मी तं चौकात झाडून राह्यली न?"

मला फार लाज वाटली. पत्र मिळाल्याचा तिचा अंगठा मात्र मी घेतला.

*

कुणीतरी वर तक्रार केली, आणि तीन दिवसांसाठी मशीन खरोखर चौकात आलं. साहेबांची झोप उडाली. ट्रक गावाबाहेरच्या रस्त्याने वळवले. टँकर सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारू लागला. तिसऱ्या दिवशी तर ड्रायव्हरने उत्साहात मशीनलाच आंघोळ घातली!

रिपोर्ट आला, हवा उत्तम.

मशीन जीपमध्ये चढत होतं तेव्हा सायत्राबाई धावत आली. "साहेब, हे इथंच राहू द्या न. बिघडलेलं असन तरी चालते."

सगळे हसले. मीही हसलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

*

पुढच्या सोमवारी चौकात पुन्हा डबा उभा! पांढरा रंग दिलेला, बाजूला नंबर टाकलेला. टँकरवाल्याने पाहिला आणि पाणी मारलं. हवालदाराने पाहिला आणि ट्रक बाहेरून वळवले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. आमच्याकडे चौकात सरकारी डबा दिसला की तोच आदेश.

आठ दिवस हे सुरळीत चाललं. सायत्राबाई हजेरीला यायची ते आम्हाला कळेनासं झालं, कारण खोकला ऐकू येत नव्हता.

नवव्या दिवशी साहेबांनी जीप थांबवली. डब्याचं झाकण उघडलं. आमच्याच स्टोअरमधला मोडका कूलर होता तो. सायत्राबाई झाडू घेऊन बाजूलाच उभी होती. लपली नाही.

"ये तूने रखा?"

"हौ साहेब."

"इसमें क्या नापती है?"

"काहीच नाही साहेब. खोकल्यापायी मी बसून रात काढत होती. आठ दिस झाले, आडवी होऊन झोपून राह्यली."

साहेबांनी कूलरचं झाकण लावलं. मग हवालदाराकडे वळून म्हणाले, "कूलर स्टोर में जमा करवाओ. और ट्रक फिर यहीं से छोड़ो."