सहावा ठोकळा

"आपले हिराजीकाका गेले. शांत, सोशिक, कुणाला कधी न दुखावणारे…" कॉलेजच्या ग्रुपवर महिन्यापूर्वी हे वाचलं आणि रडू यायच्या आधी संताप आला. सोशिक? काका? मला तर त्यांनी चांगलंच दुखावलं होतं, आणि बरं झालं दुखावलं.

पनवेलच्या आमच्या कॉलेजात धातूचे नमुने दाबून मोडायचं मशीन काका चालवायचे. नेऱ्याहून स्कूटरवर यायचे, आल्या आल्या मशीनला नमस्कार करायचे. माझं संशोधन टायटॅनियमच्या जाळीवर होतं. पावडरीचे थर लेझरने वितळवून छापलेले, आतून पोकळ असे छोटे ठोकळे. अशी जाळी पुढे माणसाच्या हाडात बसणार, म्हणून ती किती भार सोसते ते बघायचं. छापताना जी बाजू वर होती तिथे काका नेलपेंटचा लाल ठिपका लावत, बाटली काकूंची. सहा ठोकळ्यांपैकी शेवटच्याचा ठिपका मी साफसफाईच्या उत्साहात पुसून टाकला आणि तो आडवा दाबला गेला. पाच हळूहळू दबले. सहावा कितीतरी कमी भारावर कडकन तिरका चिरला.

"चुकीचा दाबलाय, वगळून टाक," माझे गाइड म्हणाले. मी लगेच तयार! काकांच्या रजिस्टरमधलं सहाव्याच्या नोंदीचं पान फाडून मागायला त्यांच्याकडे गेले.

"फाडनार नाय."

"अहो काका, तो आडवा होता. चूक माझीच आहे."

"आनि मानूस काय ठिपका बघून पडतो? हाडावर भार कुठूनबी येतो, पोरी. सहावाच खरा बोललाय."

आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. मग चडफडत नवे ठोकळे छापले, मुद्दाम आडवे दाबले… सगळे तसेच चिरले. जाळीतल्या आडव्या छापलेल्या काड्या कच्च्या राहत होत्या. जाळीची रचना बदलावी लागली, वर्ष गेलं. आज ती जाळी कुठूनही दाबा, टिकते.

परवा काकांचा ड्रॉवर रिकामा करत होते, त्यात ते सहाही ठोकळे निघाले. "मोडकेच आहेत, भंगारात टाकू," लॅबच्या मॅडम म्हणाल्या.

"टाकनार नाय," मी म्हणाले. माझ्या तोंडून काकांची बोली ऐकून त्या बघतच राहिल्या.

सहावा आता माझ्या टेबलावर आहे, चिरलेली बाजू माझ्याकडे करून. नको असलेला आकडा वगळावासा वाटतो, अजूनही वाटतो. पण आधी सहाव्याकडे बघावं लागतं, आणि मग मी तो आकडा पेनने लिहिते.