रिकामा घाणा

रिबकाबाई तेलीण म्हणजे आमच्या खालापुरातली एक नंबरची हट्टी बाई. जात इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू; शनवार पाळणारी. त्या दिवशी दारात खुद्द मामलेदार तेलाला आला तरी हात हलवायची नाय.

तीच बाई साठ साली मला शनवारी घाणा फिरवताना दिसली. आत तीळ नाय, शेंगदाणा नाय! बैल आपला गोल गोल, नि घाण्यातली लाकडी लाट करकरतेय.

"अगं बये, डोकं ठिकाणावर हाय ना?" मी वरडले.

ती रडायलाच लागली. नवरा मुसाजी गळ्याच्या दुखण्यानं दोन महिने अंथरुणाला. घोटभर पाणी गिळवत नव्हतं. मुलगा तिकडं इस्रायलला. डाक्टरनं दुखणं शमवायला बाटली दिलेली, चारच थेंब द्यायचे, जास्त गेले तर माणूस जाईल. मुसाजी रोज हातानं खुणवायचा, सगळी बाटली दे.

"घाणा थांबला की यांचा श्वास अडखळतो गं, सोना. फिरला की डोळे उघडतात. जीव वाचवायला शनवार मोडलेला चालतो आमच्यात." मग कमरेला बांधलेली बाटली चाचपून म्हणाली, "पण मला माझ्याच हाताचा भरवसा नाय राहिला."

सोमवारी बैलामागं शेजारचं पोर ठेवलं नि तिला येष्टीत बसवून कर्जतला बनाजी मास्तरांकडं नेली. त्यांच्या समाजातले जाणते.

बाटलीचं ऐकून मास्तर म्हणाले, "बाटली नाय. जीव देवाची ठेव हाय, मुसाजीचासुद्धा नाय तो. लवकर सुटावा म्हणून डोक्याखालची उशीदेखील ओढायची नाय. दुखण्यापुरते थेंब मात्र चुकवू नको."

माझं टाळकंच सटकलं. "मग काय तडफडत ठेवायचा?"

मास्तर रागावले नाय. "आमच्या जुन्या ग्रंथात लिवलंय. जाणाऱ्याच्या दाराशी कोणी लाकडं फोडत असेल, नि त्या आवाजानं जीव अडकला असेल, तर लाकडं फोडणं थांबवावं. तेवढी मुभा हाय. तुमच्याकडं असं काय हाय का?"

रिबका पांढरीफटक पडली. माझ्या कानात घाण्याची करकर.

येताना येष्टीत एवढंच म्हणाली, "म्हणजे मीच मारायचं त्यांना."

"तू धरून ठेवलायस गं त्याला," मी म्हटलं. लई वाईट वाटलं बोलून.

पुढं चार दिवस करकर चालूच. दुपारी मी भाकऱ्या थापताना कान तिकडंच. शुक्रवारी दिवस कलला, त्यांचा शनवार सांजेलाच लागतो, ती दिवे लावायची वेळ झाली, तशी ती माझ्या दारात आली.

"सोना, तू सोड ना बैल."

हो म्हणणारच होते. पण म्हटलं, "मी सोडला तर जन्मभर मला बोल लावशील. तूच सोड."

तिनं बैल सोडला, त्याला वैरण टाकली. हात धुऊन दिवे लावले, मुसाजीच्या उशाशी बसली. घरात चिडीचूप. मी उंबऱ्याशी उभी.

मुसाजीनं डोळे उघडले. कान दिला. कितीतरी दिवसांनी ओठ हलले.

"शनवार... लागला?"

"लागला हो," रिबका म्हणाली. "आता आराम करा."