अण्णांचा खांदा

म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात, किस्से मात्र भरभक्कम जमतात! आमचं तिघांचं तसंच झालंय. मी कर्जतचा निवृत्त मास्तर, हसनभाई कुंभिवलीचे टायरवाले आणि नामदेवअण्णा कळंबचे शेतकरी. तिघांनाही प्रोस्टेटचा कॅन्सर, तोही हाडांत उतरलेला. हाडं सांभाळणारं इंजेक्शन घ्यायला दर महिन्याला कर्जतच्या एका छोट्या दवाखान्यात आम्ही जमतो. डॉक्टर आमच्या नातवाच्या वयाचे, पण दरडावतात आजोबांसारखे.

*

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी बजावलं, "हाडं कमजोर झालीत. पाठीवर वजन घ्यायचं नाही."

पुढच्या खेपेला अण्णा मान धरूनच आले.

"काय केलंत अण्णा?"

"काय नाय. भाताचं पोतं घरात घेतलं."

"पाठीवर घेऊ नका म्हटलं होतं ना!"

"पाठीवर कुठं घेतलं? डोक्यावर घेतलं!"

*

हाडांचा स्कॅन काढला, तेव्हा तिथल्या मॅडम म्हणाल्या, "अंगात थोडे किरण राहतात. आजचा दिवस गरोदर बायकांपासून लांब राहा." हसनभाईंची सून पोटुशी, म्हणून ते दुकानात झोपले. अण्णांच्या घरी दोघंच, म्हातारा-म्हातारी. तरी अण्णा मुक्कामाला मेहुण्याकडे!

"का हो अण्णा?" मी विचारलं.

"आमची गाय गाभण हाय ना, गुरुजी!"

*

हाडाला हाडच लागतं, यावर हसनभाईंचा ठाम विश्वास. एकदा ते थर्मास भरून बोकडाच्या पायांचं सूप घेऊन आले. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

"औषध समजून प्या, गुरुजी."

प्यायलो. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "याने हाडांना काहीही फरक पडत नाही हां."

मी म्हटलं, "हाडांचं कोण बोलतंय? थर्मासात उरलंय का ते बघा!"

*

गावच्या यात्रेत देवीच्या पालखीला पहिला खांदा द्यायचा मान अण्णांच्या घराचा. अण्णांना मुली तीन, मुलगा नाही, त्यामुळे खांदा आजवर त्यांचाच. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. "मणका खचलाय. एक हिसका बसला तर पाय कायमचे जातील!"

"आणि खांदा रिकामा राह्यला तर मान दुसऱ्या घरात जाईल, त्याचं काय?" अण्णा पुटपुटले.

यात्रा जवळ आली होती. इंजेक्शन घेऊन आम्ही चहाला निघालो, तर चालता चालता हसनभाई थबकले. रस्त्यात एक चप्पल पडली होती, आणि अण्णा एका पायाने अनवाणी पुढे चालले होते!

"अण्णा, चप्पल सुटली तुमची!"

"हां? कळलंच नाय. पाय जरा बधिर हाय कालधरनं. डॉक्टरला सांगू नका रं, पालखी हुकंल."

हसनभाईंनी ऐकून घेतलं नाही. हाताला धरून त्यांना तसंच मागे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, आडवं झोपवलं आणि ताबडतोब गाडीतून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. त्याच दिवशी मणक्याला किरणांचा शेक सुरू झाला. मी तर पार घाबरलो होतो. पण वेळेत पोचले म्हणून अण्णांचे पाय वाचले.

काठी टेकत अण्णा परत आले, पण चेहरा उतरलेला. "पाय वाचलं, खांदा गेला," एवढंच म्हणत राहिले.

डॉक्टरांनी विचारलं, "खांदा कोणी द्यायचा असतो?"

"घरच्याच माणसानं."

"मग मी घरचाच की!"

आम्हाला वाटलं, डॉक्टर म्हाताऱ्याची समजूत काढताहेत. पण यात्रेच्या दिवशी बघतो तर पालखीच्या पुढच्या दांडीखाली आमचे डॉक्टर! पांढरा लेंगा, कपाळभर गुलाल, अनवाणी! अण्णा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ढसाढसा रडत होते. माझेही डोळे भरून आले.

"हा कोण रं नामदेवा?" कुणीतरी विचारलं.

"माझा हाय!" अण्णा म्हणाले.

*

पुढच्या महिन्यात इंजेक्शनच्या दिवशी आम्ही तिघं वेळेवर हजर. डॉक्टरांचाच पत्ता नाही. बऱ्याच वेळाने दार उघडलं. कमरेला पट्टा, भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत डॉक्टर आत आले.

अण्णा उठले. आपली खुर्ची डॉक्टरांपुढे सरकवली, हातातली काठी त्यांच्या हातात दिली आणि मायेने म्हणाले,

"खांद्यावर घेतली ना? डोक्यावर घ्यायची!"