ध्रुवावरचं पान

"दादा, पंखा लावू नकोस!" सुनीता इतक्या जोरात ओरडली, की बटणाकडे गेलेला माझा हात तिथेच थांबला. माझी ही मामेबहीण दगडातली पानं शोधते, आणि मी तिची प्रयोगशाळा बघायला गेलो होतो. मे महिन्याची दुपार होती. दोघंही घामानं निथळत होतो. अंटार्क्टिकाहून आलेला दगड तिनं नुकताच छिन्नीनं उकलला होता. आत एक काळं पान होतं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. वाऱ्यानं त्याचा भुगा झाला असता.

मी श्वास रोखून वाकलो. आज जिथे नुसता बर्फ आहे, तिथे हे पान कधीकाळी फांदीवर हललं होतं. कोट्यवधी वर्षं टिकलेलं ते माझ्या एका बोटानं संपलं असतं.

"कड बघ," ती कुजबुजली. "थंडीतल्या झाडांच्या पानांना बहुधा दाते असतात. उबेतल्या पानांची कड गुळगुळीत असते."

"याची गुळगुळीत आहे."

"एका पानावरून काही ठरत नाही रे." तिनं छिन्नी बाजूला ठेवली. "पण या दगडांतली बहुतेक अशीच निघालीत."

बर्फ हा ध्रुवाचा स्वभाव, असं मी आजवर धरून चाललो होतो. ती नुसती सवय निघाली. आणि सवय सुटते.

घरी आलो. कुलूप काढता काढता तोरणातल्या आंब्याच्या पानाची कड नकळत चाचपली. गुळगुळीत. आत भयंकर उकडत होतं, तरी पंख्याच्या बटणाशी हात पुन्हा अडखळला.