तार, गारा आणि माझी शेवटची ओळ

आधीच सांगून टाकतो, चूक माझी होती. हेडक्लार्क साहेबांची नव्हती, तारेची नव्हती, आभाळाची तर नव्हतीच नव्हती. चार वर्षं झाली त्याला. आज कचेरी सुटल्यावर त्याच मशीनवर बसून हे सगळं टाईप करायलोय, आणि बोटं अशी पळायलीत की फिताच अडकतोय सारखा.

तेव्हा मी तालुक्याच्या कचेरीत नवीन लागलो होतो. निजामाच्या वेळी कचेरीत सगळं उर्दूत चालायचं. विलीनीकरण झालं, मग आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि कचेरीत मराठी टाईपरायटर आला. म्हातारे कारकून त्याच्याकडं विंचवाकडं बघावं तसं बघायचे. दहा बोटांनी बडवणारा मी एकटाच. त्यामुळं माझी ऐट काय विचारता!

माघातला शुक्रवार होता. दुपारी तार आली. इंग्रजी हेडक्लार्क साहेबांनाच यायचं. त्यांनी एकदा वाचली, मग चष्मा पुसून परत वाचली, आणि मला मराठीत सांगितली. मद्रासच्या किनाऱ्याकडं वादळ आहे. ते आत कुठवर येईल सांगता येत नाही. आलं तर दोन-तीन दिवसांत तुरळक ठिकाणी गारांचा पाऊस पडण्याचा संभव आहे.

साहेबांनी खिडकीतनं बाहेर बघितलं. आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख.

"बघितलंस?" ते म्हणाले. "आलं तर. तुरळक. संभव. लिहिणाऱ्यानं स्वतःला पळायला तीन वाटा ठेवल्यात, आणि खाली सही मात्र आपली. टाईप कर, पण एक शब्द इकडचा तिकडं करू नको."

मी केलं. पण शेवटाला आलो आणि हात थांबेनात. म्हणलं, शेतकरी हे ऐकणार आणि विचारणार, मग आम्ही करावं काय? कुणीतरी सांगायला नको? मग मी आपल्या मनानंच एक ओळ ठोकून दिली: "तरी सर्व शेतकऱ्यांनी आपला माल तातडीने एका जागी गोळा करून ठेवावा." लई भारी वाटली मला ती. साहेबांचा सगळा संशय त्या 'संभव'वर. वरच्या ओळी त्यांनी तीनदा वाचल्या, खालची बघितलीच नाही. मोहर बसली आणि कागद गावोगाव गेले.

आता मला एवढी घाई का, तर माझ्या मामाची ज्वारी. मामाचं गाव येडशीच्या पलीकडं, पायी तासाभराच्या वाटेवर. माझी आई आणि मी वर्षभर मामाचीच ज्वारी खायचो. त्या साली ज्वारी काढून, कणसं मोडून खळ्यावर टाकलेली होती. अजून चार-पाच उन्हं लागणार होती, मगच मळणी. म्हणजे दोन घरांची वर्षाची भाकर तिथं उघड्यावर पडलेली, आणि गारांची तार माझ्या हातात. शनिवारी कचेरी अर्धी. सुटल्या सुटल्या एसटीनं येडशी गाठली आणि पुढं पायी निघालो. वाटेत मनात एकच चित्र, आपला कागद वाचून दवंडी झाली असणार आणि सगळ्यांनी कणसांचे ढीग घालून वर कडबा रचला असणार.

खळ्यावर जाऊन बघतो तर मळणी चालू! मामाची चार बैलं मधल्या मेढीच्या खांबाभोवती गरागरा फिरायलीत. वारं तर नावाला नाही, म्हणून मामी आणि शेजारीण गोधडी धरून वारं घालायल्यात. पलीकडच्या खळ्यावर तेच. त्याच्या पलीकडं तेच. मी दिसलो तसं सगळ्यांनी तिरक्या नजरेनं बघितलं.

"आला का सरकारी माणूस!" मामा बैलं न थांबवता म्हणाले.

"मामा, हे काय करायलात? दाणा ओला हाय अजून. झाकायचं सोडून मळायलात?"

"झाकून ठेवू? कुणासाठी, तुझ्या साहेबासाठी?"

"अहो, गारा पडायच्यात!"

"भाच्या, ह्या कानांनी म्या लई दवंड्या ऐकल्यात. निजामाच्या वक्ताला बी अशीच यायची. माल एका जागी गोळा करा. आमी येड्यावानी गोळा केला की दुसऱ्या दिवशी जबरीनं धान्य मोजून न्यायला लेव्हीवाले तराजू घेऊन दारात. घरात हिंडायची बी गरज न्हाय त्यान्ला, सगळं आयतं एका जागी!"

"मामा, आता निजाम कुठं हाय?"

"निजाम गेला. तराजू गेला का?"

"ती ओळ मी घातली, मामा! माझ्या मनानं घातली!"

मामांनी बैलं थांबवली. मला वरून खालपर्यंत बघितलं. "तू? परवा नोकरीला लागलेलं पोरगं सरकारी हुकमात ओळ घालतंय व्हय? साहेबानं तुला पढवून धाडलंय."

मामी गोधडीआडून म्हणाल्या, "आन् मद्रासच्या समुद्रातलं वादळ आमच्या येडशीकडं कशाला यायलंय? त्याला वाट कुणी दावली?"

बायका हसल्या. मी शर्ट काढला आणि बैलांमागं लागलो.

रविवारी दुपारपर्यंत सगळी ज्वारी गाडीनं घरी आणून पेवात गेली. पेव म्हणजे घरामागं जमिनीत खणलेली खोल विहिरीसारखी खोली, तोंड माणूस उतरेल एवढंच. मामांनी तोंडावर फरशी ठेवली, शेणमातीनं लिंपली, वर कडबा पसरला आणि त्याच्यावर म्हैस आणून बांधली. लेव्हीवाल्याच्या बापालाही सापडलं नसतं.

आणि खरं सांगू? तोवर मलाही संशय यायला लागला होता. आभाळात ढगाचा ठिपका नाही. साहेबांनी शेवटची ओळ वाचली कशी नाही? का वाचूनच सोडून दिली? तार खरीच वादळाची होती का? इंग्रजी मला कुठं येत होतं! अशा विचारात ओट्यावर बसलो होतो, तर चारच्या सुमाराला उगवतीकडं तांब्यासारखा रंग चढला. म्हैस उठून उभी राहिली. गार वाऱ्याचा एक झपाटा आला, आणि मग ताड-ताड-ताड! आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. आम्ही आत पळालो. पाव तास नुसता पत्रा वाजत होता. थांबल्यावर बघतो तर अंगण पांढरं, रान पांढरं, पार रामलिंगाच्या डोंगरापर्यंत मीठ सांडल्यासारखं. खळ्यावरचा उरलेला कडबा चिखलात. आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर? एक गार नाही! धूळसुद्धा बसली नाही तिथली. तुरळक म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मामांनी एक गार उचलली, दाताखाली धरून बघितली. खोटी असली तर, म्हणून की काय.

"तार खरी व्हती म्हणायची," ते म्हणाले.

"मग मामा, आता पेव उघडा. ओली ज्वारी आत ऊब धरील. काळी पडंल सगळी."

"उघडू? गारा खऱ्या पडल्या म्हणून तराजू खोटा का? आता तर हमखास येतेल. गारांनी कुणाचं काय वाचलं ते बघायला."

झालं! गारांपासून वाचलेली ज्वारी आता जमिनीखाली सडणार, आणि तीही माझ्या ओळीपायी. सोमवारी कचेरीत गेलो, थेट साहेबांना विचारलं, "साहेब, लेव्ही येणार का हो?"

साहेबांनी चष्मा वर केला. "का? कुणी विचारायला सांगितलं तुला?"

सगळीकडं हेच! मग मी एक केलं. मूळ तार आणि माझ्या कागदाची कार्बन कॉपी, दोन्ही मागितली. साहेबांनी कॉपी पहिल्यांदाच खालपर्यंत वाचली. त्यांचा चेहरा जो झाला, तो मी इथं टाईप करणार नाही. दोन दिवस बोलणी खाल्ली, पण बुधवारी दुपारनंतर सुट्टी आणि दोन-तीन दिवसांच्या बोलीवर कागद मिळाले. ते घेऊन गावी पळालो.

मामांना मराठी वाचता येत नव्हतं, शाळेत उर्दू शिकलेले ते. मी वाचून दाखवतो म्हणलं तर म्हणाले, "तू गप बस." शाळेतल्या मास्तरला बोलावलं. त्याला थोडं इंग्रजी यायचं. मला ओट्यावर बसवलं आणि मास्तरला आत नेलं, मी खुणा करीन म्हणून! आतनं मास्तरचा आवाज आला, "तारेत गोळा करा असं कुठंच नाही. ते ह्या मराठी कागदातच आहे, शेवटच्या ओळीत."

मामा बाहेर आले. "म्हंजे हुकूम सरकारचा न्हाय? तुझा हाय?"

"व्हय मामा. शनिवारपासून तेच सांगायलोय."

"मग तुला कोन भितंय, लेका! चल, म्हैस सोड!"

फरशी सरकवली तशी आतनं कढत वाफ आली, आंबूस. थोडा वेळ तोंड उघडं ठेवलं, आत वाईट हवा तर नाही म्हणून कंदील सोडून बघितला, तो विझला नाही तेव्हा मामा उतरले. वरची ज्वारी कोमट होती, पण पांढरी होती. कडेची आणि बुडाची काळपट पडलेली. संध्याकाळपर्यंत टोपल्या वर ओढल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाच्या गोधड्या मागून आणून उन्हात पसरली. मामाचं बघून मग बाकीच्यांनीही एकेक पेव उघडलं, पण मास्तरला घरी नेऊन कागद परत वाचून घेतल्यावरच.

वाया कमी गेली. पण त्या साली दोन्ही घरांत दिवाळीपर्यंत करड्या, जराशा कडवट भाकरी झाल्या. मी गेलो की मामी ताट वाढायच्या आणि मामा म्हणायचे, "खा. शेवटची ओळ हाय तुझी."

गेल्या महिन्यात गावात देवीची लस टोचायची दवंडी झाली. मामांनी दवंडीवाल्याला रस्त्यातच अडवलं म्हणं. त्यानं सगळी दवंडी परत म्हणून दाखवली, आणि मामांनी विचारलं, "ह्यातली शेवटची ओळ कुणी घातली, ते आधी सांग."