अर्धा आटा

आमच्या घरात कोणतीही वस्तू हललेली दादांना खपत नाही. नळाची तोटी, देवघराची कडी, कुकरचा दांडा, जे हाताला लागेल ते स्क्रू ड्रायव्हरने आवळून ठेवण्याची त्यांची सवय जुनी आहे. लोणच्याची बरणी ते अशा जोराने बंद करतात की ती पुन्हा उघडण्यासाठी वहिनींना त्यांचीच वाट पाहावी लागते. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. दसऱ्याला त्यांची तलवार पुजण्याआधी दादा तिची मूठ हलवून पाहतात.

दादा माझे थोरले भाऊ. इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली माझी आहे. मी लग्न केले नाही. शाळेत मराठी शिकवले आणि निवृत्त झाले. त्यानंतर, ज्या वयात माणसे नवे काही शिकण्याचे टाळतात त्या वयात, मी संगणकावर हलती चित्रे करायला शिकले. घरात त्याचे नाव 'मास्तरीणबाईंचं कार्टून' असे पडले. मी ते नाव सोसले, कारण पुण्याच्या एका बालपुस्तकांच्या प्रकाशकांनी माझे काम पाहून एक नमुना मागवला होता. सुगरण घरटे विणते आहे, एवढीच छोटी फिल्म. ती पसंत पडली असती तर पक्ष्यांची सगळी मालिका मला मिळणार होती. तोवर मला कुणी काही विचारले, तर ते मुलांच्या अभ्यासाबद्दल. मला स्वतःला काय करता येते, हे पहिल्यांदाच कुणाला हवे होते.

माझा जुना लॅपटॉप इंदूरच्या मे महिन्यात अर्ध्या घरट्यावरच बंद पडे. शिवाय त्याचा पंखा घरघरे, आणि माझ्या खोलीच्या बरोबर खाली दादा दुपारी झोपतात. "वर काय चक्की टाकलीय का भिया?" असे ते जिन्यातून ओरडत; इंदुरात 'भिया' बहिणीलाही म्हणतात. तेव्हा मी नवा संगणक स्वतः जोडायचे ठरवले आणि तो गार ठेवण्यासाठी पाण्याची व्यवस्था निवडली. तिचा आवाज फार कमी असतो. दादांची झोप मोडू नये, हेच त्यामागचे खरे कारण.

व्यवस्था समजायला अवघड नाही. एक छोटा पंप नळीतून पाणी फिरवतो. ते प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची उष्णता उचलते आणि संगणकाच्या कॅबिनेटच्या छताला टांगलेल्या रेडिएटरमध्ये जाऊन निवते. रेडिएटर म्हणजे पातळ पत्र्याच्या चपट्या नळ्यांची जाळी. तिच्या खाली पंखे असतात, आणि पंख्यांतून आरपार जाणारे लांब स्क्रू रेडिएटरच्या चौकटीत बसतात. स्क्रू हवा तेवढाच आत गेला पाहिजे. थोडाही पुढे गेला तर त्याचे टोक नळीत घुसते.

स्क्रू घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला मी विचारले होते, "इनके आटे बराबर बैठेंगे ना?"

तो गल्ल्यावरून हसला. "मैडमजी, आटे की चक्की तो आगे चौराहे पे है। यहाँ चूड़ी मिलती है।"

स्क्रूच्या आट्याला, म्हणजे त्याच्या वळ्यांना, हिंदीत चूडी म्हणतात, हे मला ठाऊक होते. बोलण्याच्या ओघात मराठी शब्द निसटला होता. मीही हसले. बाजारात ते चालते. घरी आपण मराठी बोलतो, असे मी समजून होते.

रेडिएटर बसवताना मी प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती घातली, म्हणजे पंख्यांची थरथर कॅबिनेटमध्ये उतरत नाही. कोपऱ्यांचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे फिरवले. मग बाकी सारे बंद ठेवून फक्त पंप चालवला आणि प्रत्येक जोडाखाली टिशू पेपर पसरला. दिवसभर तो कोरडा राहिला. संध्याकाळी चहाच्या वेळी मी ते खाली सांगितले. सांगायला नको होते, असे आता वाटते. पण आनंद झाला होता.

दादा स्क्रू ड्रायव्हर घेऊनच वर आले. त्यांनी अंगठ्याने रेडिएटर दाबला.

"हे हलतंय गं."

"तेवढं हलायलाच हवं, दादा. पंखे थरथरतात, म्हणून मध्ये रबर ठेवलंय."

"रबर-फबर काय यार! आपल्या घरात चीज कशी, एकदम पक्की पाहिजे." एकेक स्क्रू काढून त्यांनी रबराच्या चकत्या माझ्या तळहातावर ठेवल्या. "घे, खोडरबर म्हणून वापर."

"दादा, नको. चकत्या नसल्या तर स्क्रू जास्त आत जातील. अर्धा आटासुद्धा जास्त जायला नको."

"काय? आटा?" त्यांचा चेहरा उजळला. ते जिन्याकडे वळून ओरडले, "अगं ऐकलंस का? मास्तरीणबाई म्हणतायत, आटा जास्त नको! पोळ्या कमी टाक आज!"

"का हो?" खालून वहिनी म्हणाल्या. "उपास आहे का त्यांचा?"

दोघेही मनापासून हसले. हसता हसताच दादा स्क्रू आवळत राहिले, आणि शेवटी प्रत्येकाला मनगटाचा एक जादा हिसका दिला. 'चूडी' हा शब्द माझ्या ओठांवर होता. पण हसणाऱ्या माणसाला थांबवणे मला आयुष्यात कधीच जमलेले नाही. मुलांना जन्मभर 'पुन्हा नीट वाच' म्हणणारी मी, ते एक वाक्य पुन्हा म्हणू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी सुगरण तिसरी काडी ओढत असताना पडदा काळा झाला. जळका वास आला. कॅबिनेट उघडले तर ग्राफिक्स कार्डावर पाणी साचले होते आणि वरून एक थेंब अगदी सावकाश लांबत होता. एका स्क्रूचे टोक नळीच्या पत्र्यातून आरपार गेले होते.

प्रकाशकांनी सौजन्याने थोडी मुदत वाढवून दिली. ती संपल्यावर तितक्याच सौजन्याने, काम दुसरीकडे दिल्याचे कळवले. दादांना मी स्क्रू दाखवला नाही. रविवारी पाहुणे पोहे खायला आले तेव्हा ते सांगत होते, "हिच्या काँप्युटरला सर्दी झाली भिया, नाक गळायला लागलं! मी आपल्या हाताने पक्कं करून दिलं होतं. पण माल चायनाचा, काय करणार?" पाहुणे माझ्याकडे पाहून हसले. मी त्यांच्या बशीत शेव वाढली.

पुढे नवा रेडिएटर आणि नवे कार्ड आणून मी सगळे पुन्हा जोडले. रबराच्या चकत्या मी जपून ठेवल्या होत्या. दिवसभर टिशू कोरडा राहिला. या वेळी मी खाली कुणाला सांगितले नाही; तरी दादांना कुठून तरी कळलेच. ते वर आले, अंगठ्याने दाबून पाहिले.

"अजून हलतंय."

त्यांचा हात खिशाकडे गेला.

"दादा," मी म्हटले, "एक चूडीपण कसू नका. नळी फुटते."

त्यांचा हात तिथेच थांबला. रेडिएटरकडे, मग स्क्रूकडे त्यांनी नीट पाहिले. "अच्छा, चूडी पार होते काय आत?" ते म्हणाले. "मग असं सरळ बोलायचं होतंस ना त्या दिवशी."

मी हो म्हटले. ते खाली गेले आणि थोड्या वेळाने त्यांना झोपही लागली असावी, कारण वर कसलाच आवाज नव्हता. पंप चालू होता. पडद्यावर सुगरणीचे घरटे तीन काड्यांवर थांबलेले होते, आणि ते आता कुणालाही पाठवायचे नव्हते.